न उचललेला विडा

खूप जुन्या काळी एक नगर होते. ते इतक्या झपाट्याने वाढत होते की माहेरपणाहून परतलेल्या सुना आपली गल्ली विचारत घरी येत.

एके सकाळी ओढ्यापलीकडच्या नव्या वस्तीत एक बाई अंगणात कुरडया वाळत घालत होती. दवंडी आली, नगरप्रमुख वारले, नवा निवडायचा आहे. तिने ऐकले आणि पुढची कुरडई घातली. माघात तिचा नवरा गेला होता. आजाऱ्याला वैद्याकडे नेता यावे म्हणून ओढ्यावर साकव बांधा, असे तो जन्मभर नगरात सांगत राहिला होता.

नगराची रीत अशी, की लोक ज्याचे नाव घेत त्याच्यापुढे पंच विडा ठेवत. लगेच उचलला तर माणूस हावरा ठरे. दोनदा नाही म्हणायचे, तिसऱ्यांदा उचलायचा. एक सराफ तर रोज आरशासमोर हात जोडून म्हणे, "माझी कुठली योग्यता!"

आता नवी वस्ती मोठी झाली होती. वस्तीतल्या लोकांनी बाईचे नाव घेतले.

"वहिनी, दादांचं काम तुम्हीच पुरं करा," शेजारचा कुंभार म्हणाला.

"भाऊजी, मला उठून पाणी प्यायचाही कंटाळा येतो."

"अहो, प्रमुखाला पाणी आणून देतात!"

ती हसली नाही.

पंच आले. ती म्हणाली, "नको." लोक खूश झाले. दुसऱ्यांदाही "नको." कोणी म्हणाले, "सराफापेक्षा झकास जमतंय हो!"

"आता उचला, बाई," पंच म्हणाले.

उचलला तर साकव होईल, हे तिला ठाऊक होते. पण रोज चारचौघांत बसायचे, नवऱ्याचेच शब्द पुन्हा बोलायचे.

"खरंच नको," ती म्हणाली.

असा नकार त्या नगराने ऐकला नव्हता. पंच गोंधळले आणि तबक घेऊन सराफाकडे गेले. सराफाने दोन्ही नकार एका दमात उरकले आणि विडा उचलला.

त्याने बाजारात उंच कमान उभारली. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि कुंभाराच्या आजारी आईची बाज काठावरून परत आणावी लागली. म्हातारी पहाटे गेली. बाई त्यांच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिली.

काम कळणारा थकून बाजूला झाला, की ते काम न कळणाऱ्याच्या हाती जाते.

ओढ्यावर साकव झाला नाही.