वस्तादांच्या खांद्यावरचं फडकं

भोगावतीच्या काठी एक गाव होतं. गावाला तालीम होती, तालमीला बाबालाल नावाचे वस्ताद होते. आणि वेशीजवळ अनसाबाईचं घर होतं. अनसाबाईला दोन लेक, थोरला दौलू आणि धाकटा शिरपा. धाकटा मातीत लढायचा. थोरला कट्ट्यावर.

कट्टा म्हणजे गणू न्हाव्याच्या दुकानापुढचा. बिरोबाची जत्रा जवळ आली की तिथं रोज सकाळी कुस्तीचा दुसरा फड भरायचा. दाढीला आलेला माणूस अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून भांडायचा. कुणाची जोड कुणाशी लावावी, शेवटची मोठी कुस्ती कुणाला द्यावी, कुणाला मुद्दाम दाबलंय, कुणाला उगाच वर चढवलंय. एकाच्याही अंगाला कधी माती लागलेली नाही. पण बोलणं असं, की पैलवानांनी येऊन शिकवणी लावावी.

"गेल्या साली शेवटची कुस्ती बाळूला दिली," गणू वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणायचा. "आधी दोनदा चितपट झालेल्या बाळूला. का? तर त्यो वस्तादांच्या गल्लीतला."

"आणि आमचा शिरपा?" दौलू मांडी थोपटायचा. "मिसरूड फुटायच्या आधीपासनं लढतोय. पाठीला माती म्हणून लागली न्हाई. तरी त्याला नारळ."

नारळाचं असं. जत्रेत लहान कुस्त्या आधी होतात. पोरांना रेवड्या, जरा मोठ्यांना नारळ, त्याहून मोठ्यांना फेटा, आणि उन्हं कलली की शेवटची कुस्ती. तिला चांदीची गदा. शिरपानं इतके नारळ जिंकले होते, की अनसाबाईच्या कालवणाला खोबरं कधी कमी पडलं नाही.

"मग बरंच हाय की," दाजीबा म्हणायचा. कट्ट्यावरचा सगळ्यात जुना माणूस तो. "गदा आमटीत घालता येत न्हाई."

सगळे हसायचे. दौलू हसायचा नाही.

दौलूचं लग्न रखडलं होतं, तेही या कट्ट्यापायीच. घर चांगलं, दारात म्हशी, आई शब्दाला गोड. पण घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गणूच्या दुकानावरूनच यावं लागायचं, आणि त्यांना नवरा मुलगा दिसायच्या आधी ऐकू यायचा. "घर झ्याक हाय," पाहुणे म्हणायचे, "पर थोरला तोंडाळ." चहा पिऊन जायचे ते जायचेच. आणि थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं कसं व्हायचं? अनसाबाई देवापुढं दिवा लावायची.

एका सकाळी दौलू तालमीत शिरला तो सवाल घेऊनच.

"शिरपाला शेवटची कुस्ती का न्हाई?"

वस्ताद हौदातली लाल माती उकरत होते. मातीत ताक, हळद, लिंबाचा रस घातला होता. त्यांनी वर बघितलं नाही.

"दौलू, पायातलं काढ."

दौलूनं वहाणा बाहेर ठेवल्या आणि परत आला.

"आता सांगा."

"शिरपा अजून हरला न्हाई," वस्ताद म्हणाले. "म्हणून."

दौलू हसला. "हे काय उत्तर झालं? जिंकणाऱ्याला खाली ठेवायचं आणि हरणाऱ्याला वर? कट्ट्यावर सांगितलं तर हसून हसून गणूच्या हातनं कुणाचा तरी गळा कापंल."

"मग नको सांगू."

"वस्ताद, रागावू नका. पर या जत्रेला त्याला शेवटची दिली न्हाई, तर मी त्याला शहराच्या तालमीत घालतो. तिथं तरी त्याची कदर हुईल."

शिरपा पलीकडं जोर मारत होता. त्याचे हात जमिनीला टेकले ते टेकलेच राहिले. पोरवयापासून तो याच हौदात लोळला होता. त्यानं भावाकडं बघितलं नाही, वस्तादांकडंही नाही.

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"बरं. देतो. पर जोड तू लाव."

"मी?"

"रोज लावतोस की. आता फडात लाव."

दौलूची छाती वीतभर वर आली. "केरबा मगदूम. हसूरचा."

"केरबा भारी हाय."

"आमचा शिरपा काय हलका हाय?"

वस्तादांच्या खांद्यावर कायम एक जुनं फडकं असायचं. धुऊन धुऊन विरलेलं, तरी मातीचा रंग काही गेला नव्हता. ते त्यांनी काढलं आणि दौलूच्या खांद्यावर ठेवलं.

"हे कशाला?"

"जोड लावणाऱ्याकडं असावं लागतं."

दौलूला वाटलं मान असेल. ते फडकं त्यानं उपरण्यासारखं मिरवत कट्ट्यावर नेलं. गणूनं साबणाचा हात पुसून त्याला हात लावून बघितला.

जत्रेच्या दिवशी फड माणसांनी भरून गेला. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं. रेवड्या झाल्या, नारळ झाले, फेटे झाले. मग हलगी चढ्या तालात वाजायला लागली आणि दौलू दोघा पैलवानांना घेऊन मध्ये आला. रीतीप्रमाणं त्यानं एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा होता. केरबाचा पंजा हातात धरला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की कट्ट्यावरून हात लहान दिसतात.

पण गर्दी ओरडत होती. त्यानं हात हातात दिला.

शिरपा बिजलीसारखा गेला. त्याला तेवढंच ठाऊक होतं, पुढं जायचं आणि पाडायचं. पण केरबा पडला नाही. त्यानं शिरपाला वाकवलं, मागं जाऊन कब्जा घेतला आणि त्याच्यावर ओझं टाकलं. शिरपा जन्मात कधी कुणाच्या खाली बसला नव्हता. तो घाबरा झाला, उठायची घाई केली... आणि घाईतच उलटा झाला.

आभाळाकडं तोंड, मातीला पाठ.

लोक केरबाकडं धावले. हलगीवाला धावला, गणू धावला, केरबाचा म्हातारा बाप आण्णा मगदूम काठी टाकून धावला. केरबाला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. फडाच्या मध्ये शिरपा एकटा बसून राहिला. आणि दौलू उभा.

वस्ताद त्याच्याजवळ आले.

"फडकं काढ."

"आता कशाला?"

"ज्यानं जोड लावली, त्यानं हरलेल्याची पाठ पुसायची. आपला असू दे, परका असू दे. तालमीची रीत हाय ही."

जन्म या गावात गेला, आणि दौलूला ही रीत ठाऊक नव्हती. कट्ट्यावर कुणालाच नव्हती. कुस्ती निकाली झाली की सगळे जिंकलेल्याकडं पळायचे. मागं काय होतं, ते बघायला कोण थांबणार?

दौलू गुडघ्यावर बसला. भावाची पाठ पुसायला लागला. माती घामानं चिकटली होती, निघता निघेना. खांद्याची पुसली, कमरेची पुसली, परत खांद्याची पुसली.

"दादा," शिरपा म्हणाला, "गेली असंल की आता."

"गप बस. हाय अजून."

घरी अनसाबाईनं पाणी तापवून ठेवलं होतं. तिनं दोघांनाही अंघोळ घातली, लहानपणी घालायची तशी, आणि कुस्तीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दौलू तालमीत गेला. या खेपेला वहाणा त्यानं आपल्याच मनानं बाहेर काढल्या. फडकं धुऊन, घडी घालून आणलं होतं.

"घ्या वस्ताद. शहर नको न् काय नको. ठेवा त्याला नारळावर. तुम्ही म्हणाल तेवढी वर्सं."

"आता नारळ कसा?" वस्ताद म्हणाले. "आता तो हरला."

दौलूनं फडक्याची घडी पुढं केली.

"पुढल्या जत्रेला शेवटची कुस्ती शिरपाची. जोड हीच. लावणारा बी तूच."

"मी न्हाई लावायचा."

"मग कोण? फडकं तुझ्यापाशी हाय."

आणि ते त्यांनी घेतलं नाही.

त्या दिवसापासून वस्तादांनी शिरपाला एकच शब्द शिकवला. "बस." रोज हौदात उतरला की "बस", आणि तालमीतला एकेक पठ्ठा त्याच्या पाठीवर ओझं टाकायचा. शिरपानं खाली बसायचं. उठायचं नाही, उलटायचं नाही, वरच्याचा दम ऐकायचा. पावसाळा गेला, हिवाळा गेला. शिरपा आपला खाली.

कट्ट्यावर तर आग लागली.

"म्हातारपणी वस्तादांना चळ लागला," गणू म्हणाला. "जिंकत हुता तवा नारळ, आणि पडला तर गदेची कुस्ती. वर त्या पैलवानाचा पार पाट केलाय. जो येतो त्यो बसतोय त्याच्यावर."

"गेल्या साली तूच म्हणत हुतास, शिरपाला वर काढा," दाजीबा म्हणाला.

"तवा त्यो हरला नव्हता," गणू म्हणाला आणि दौलूकडं वळला.

"दौलू, तू बोल की. तुझाच भाऊ हाय."

दौलू दाढीला आला होता. त्यानं गालाला साबण लावून घेतला होता.

"गणू, केरबाचा हात कधी हातात घेतलास का?"

"मी कशाला घेऊ?"

"मग मी काय बोलू?" दौलू म्हणाला. "दाढी कर."

पुढली जत्रा आली. पुन्हा झाडांवर माणसं, पुन्हा उन्हं कलली. दौलूनं केरबाचा हात धरला, शिरपाचा हात धरला. अवंदा त्यानं घाई केली नाही. दोन्ही हात नीट तोलून बघितले, मग एकमेकांत दिले.

केरबानं गेल्या सालचीच वाट धरली. वाकवला, मागं गेला, कब्जा घेतला, ओझं टाकलं. लोक ओरडले, "गेला, गेला शिरपा." दौलूनं डोळे मिटले नाहीत.

शिरपा खाली बसला. आपल्या घरच्या ओसरीवर बसावं तसा बसला. केरबानं उचकटून बघितलं, मान दाबून बघितली, डावीकडं ओढला, उजवीकडं ओढला. शिरपा हलेना. हलगी वाजवून वाजवून हलगीवाल्याचे हात भरून आले. केरबाचा दम मोठा व्हायला लागला. शिरपा तो ऐकत होता... ऐकत होता... आणि दम जिथं तुटला, तिथं तो खालून निसटला, वळला, आणि केरबा मातीवर उताणा.

मग काय विचारता. शिरपाला खांद्यावर घेतलं, गुलालात तो डोळ्यांपुरता उरला. गणू नाचायला लागला आणि ज्याला त्याला सांगायला लागला, की मी आधीपासूनच म्हणत होतो. गदा शिरपाच्या हातात आली. ती धरून तो खांद्यावरून इकडं तिकडं बघायला लागला.

"दादा कुठाय?"

दादा फडाच्या मध्ये होता. गुडघ्यावर बसून केरबाची पाठ पुसत होता. गुलालाची मिरवणूक वेशीपर्यंत गेली तरी तो पुसतच होता. खांद्याची पुसली, कमरेची पुसली, परत खांद्याची पुसली.

त्यांच्याखेरीज तिथं एकच माणूस उरला होता. आण्णा मगदूम. गेल्या साली काठी टाकून धावला होता, या साली त्याच काठीवर हनुवटी टेकून उभा होता. लेकाची पाठ आणि तिच्यावरून फिरणारा तो हात बघत होता.

त्या साली अनसाबाईच्या उंबऱ्यावरचं माप सुनेनं ओलांडलं. मगदुमांची लेक शेवंता थोरल्याला आली, आणि वर्षाच्या आत धाकट्याचंही झालं. देव्हाऱ्याशेजारी गदा, चुलीपाशी दोन सुना, दारात केरबानं मेव्हणा म्हणून आणून बांधलेली दुभती म्हैस. गाव आजही म्हणतं, गदेनं घराला बरकत आणली. म्हणू दे. लग्नाच्या बैठकीत काय झालं ते गावाला कुठं माहीत आहे.

बैठक वस्तादांच्या समोरच झाली. आण्णांनी येताना आपल्या मेव्हण्याला आणलं होतं. शहरगावचा माणूस, बोलण्याला पक्का, जत्रेला आलेला नव्हता. त्यानं गदा हातात घेऊन बघितली, शिरपाला खालवर न्याहाळलं, चहा संपवला.

"धाकट्याचं समजलं," तो म्हणाला. "पण मुलगी थोरल्याला द्यायची म्हणता. थोरला करतो काय?"

दौलू खाली बघत होता. गणू दारातून काहीतरी सांगायला पुढं झाला, पण अनसाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो तसाच पायरी उतरून निघून गेला. आण्णांनी वस्तादांकडं बघितलं.

बाबालाल वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा खांदा मोकळा होता.

"हरलेल्याची पाठ पुसतो," ते म्हणाले.