टिटवीचं मौनव्रत

त्या मुलखात नगर भरून गेलं होतं आणि नगराला लागून असलेलं वाळवंट रिकामं होतं. नगरात वळचणीच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ एकमेकांना चोची मारत. वाळवंटात मात्र पार टेकडीपर्यंत नजर टाकली, तरी अडखळायला एक बाभूळ नव्हती. तेव्हा वाळवंटात नवी वसाहत करायचं ठरलं, आणि ती भराभर वाढू लागली.

वाढू लागली म्हणजे कशी, ते सांगायला हवं. ज्याला जागा हवी त्यानं नगरातून चार दगड आणायचे आणि वाळूत चार कोपऱ्यांवर ठेवायचे, की जागा त्याची झाली. दर पौर्णिमेला सकाळी यायचं, दगडांना हळदकुंकू वाहायचं, जागेला प्रदक्षिणा घालायची, मध्यभागी बसून बरोबर आणलेला फराळ करायचा आणि नगराला परतायचं. घर कधी बांधणार, असं सहसा कोणी विचारत नसे. विचारलंच तर ‘शेजार आला की बांधू’ असं उत्तर मिळे, आणि शेजारी विचारलं तर तोही तेच सांगे. तीन वर्षांत दगड टेकडीच्या पायथ्याला भिडले. इतक्या झपाट्यानं वाढलेलं गाव मुलखात दुसरं नाही, असं नगरातले सगळे सांगत. त्यात खोटं काही नव्हतं.

या वाळवंटात एक टिटवी राहत होती. तिची आई तिथेच राहिली, आजीही तिथेच. टिटवीला घरासाठी लागतं काय? वाळूत छातीनं केलेला उथळ खळगा आणि कडेला दोनचार खडे, झालं घर. त्या वर्षी तिनं चार अंडी घातली. मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली. दोन पावलांवरून कोल्हा गेला तरी त्याला दगडच दिसावेत, अशी ती देवाची योजना.

तिच्या शेजारची जागा नगरातल्या एका पारव्यानं धरली होती. एका पौर्णिमेला तो सहकुटुंब फराळाला बसला असताना टिटवी नेमकी त्याच्या डोक्यावरून ओरडत गेली. पारव्याच्या चोचीतला दाणा खाली पडला. टिटवीचं ओरडणं अशुभ, हे नगरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक. त्यानं तक्रार केली, आणि चार दिवसांनी वसाहतीचा मुकादम सरडा टिटवीच्या दारी येऊन उभा राहिला.

सरडा स्वभावानं वाईट नव्हता. ज्याच्याजवळ उभा राही त्याचा रंग घेई, इतकंच. टिटवीशी तो मातकट होऊन बोलला. शुभकार्याच्या जागी टिटवी ओरडलेली चालत नाही, असा वसाहतीचा नियम आहे. राहायचं तर गप्प राहावं लागेल, आणि पुन्हा आवाज ऐकू आला तर त्याच दिवशी जागा सोडावी लागेल. जाता जाता त्याची नजर तिच्या पायांशी गेली.

“तुम्हीही चार दगड ठेवलेत, हे बरं केलंत,” तो म्हणाला. “जागा मात्र अगदीच लहान धरलीत, बाई.”

टिटवीनं त्याला खरं सांगितलं नाही. उबवायला घेतलेलं कोणाला सांगू नये, असं तिची आई सांगे. शिवाय मुकादमाला ते दगड वाटले तर वाटू देत, तेवढंच संरक्षण, असंही तिच्या मनात आलं. तिथे तिची चूक झाली, पण ती पुढे कळायची होती.

अंडी काही उचलून नेता येत नाहीत. त्यामुळे उठायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताच टिटवीनं वाळूत अंग घोळून स्नान केलं, उगवत्या सूर्याला नमस्कार केला आणि संकल्प सोडला: चौघं बाहेर येईपर्यंत मौन. तिच्या नवऱ्याला, टिटव्याला, हसू आवरेना. तो म्हणाला, “तू आणि मौन? मग उद्या कोल्हा एकादशी धरील.”

“मुकादमानं सांगितलं म्हणून गप्प बसले तर तो अपमान,” ती म्हणाली. “संकल्प करून बसले तर व्रत. अपमान सोसवत नाही हो मला, व्रत सोसवतं.”

त्यानंतर ती बोलली नाही.

व्रत सोपं नव्हतं. टिटवीचा गळा हा ओरडण्यासाठीच घडवलेला. वरून कावळ्याची सावली सरकली की तिच्या गळ्याशी आवाज येई, आणि ती तो आवंढ्यासारखा गिळून टाकी. दुपारी वाळू तापली की दोघं आळीपाळीनं नगराच्या वेशीवरच्या हौदाकडे जात. सांडलेल्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येत आणि ओल्या पोटानं अंडी निववत. नगरातून आलेलं पाणी असं थेंबाथेंबानं वसाहतीत पोचे, आणि त्या अख्ख्या वसाहतीत ते लागणारं घर तेवढंच होतं.

सव्विसावा दिवस पौर्णिमेचा होता. त्या दिवशी नगरातली बडी मंडळी टेकडीवरून वसाहत पाहणार होती. ती उठून दिसावी म्हणून प्रत्येक दगडाला चुना लावावा, असा हुकूम निघाला. हे काम एका खारीकडे आलं. शेपटी चुन्याच्या मडक्यात बुडवायची आणि दगडावरून फिरवायची, अशी तिची पद्धत. हात झरझर चालणारी, तोंड त्याहून झरझर चालणारी, पण मनानं मऊ अशी ती बाई होती. पहाटेपासून तिनं टेकडीकडच्या ओळी पांढऱ्याशुभ्र केल्या आणि ऊन वर आलं तेव्हा ती पारव्याच्या जागेपाशी पोचली. पारवा तिथे होताच. एका दगडावर चुना पातळ लागलाय, असं तो तिला दाखवत होता.

टिटवा पाण्याला गेलेला. टिटवीनं ती शेपटी पाहिली, मडकं पाहिलं. चुना बसला की अंड्याचा श्वास कोंडतो. आतल्याला उजेड दिसायला दोनच दिवस उरले होते.

तिनं आईनं शिकवलेला उपाय केला. खळग्यातून उठली, एक पंख वाळूत लोळवला आणि लंगडत लंगडत लांब निघाली. वाळवंटातला कोणीही असा मोडका पंख पाहिला की मागे येतो. कोल्हा येतो, साप येतो, मुंगूस येतं. पण खार वाळवंटातली नव्हती. ती मागे आली नाही. तिला दया आली.

“अगं बाई, पंख दुखावलाय वाटतं,” ती म्हणाली. “अशा अंगानं तू कुठे चुन्याला हात लावतेस? बस तू. तुझे दगड मीच करते, आणि आधी करते. एवढेसे तर आहेत.”

तिनं शेपटी बुडवून वर काढली. खळग्याच्या काठावर पांढरा थेंब पडला.

टिटवीच्या मनात त्या क्षणी दोनच गोष्टी आल्या. ओरडलं तर व्रत मोडेल. ओरडलं तर जागा जाईल. मग तिला वाटलं, व्रत धरलं ते या चौघांसाठी, आणि ते राखायचं ते या चौघांचाच बळी देऊन? असलं व्रत कुठला देव मागेल? आणि ती ओरडली.

सव्वीस दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. वसाहतीत भिंत नव्हती, दार नव्हतं. त्या आवाजाला अडवायला कोणी नव्हतं. तो टेकडीला धडकून परत आला आणि फराळाला बसलेली कुटुंबंच्या कुटुंबं उठून उभी राहिली. खारीची शेपटी हवेतच थांबली. पारवा सगळ्यांत आधी आला. मी म्हटलंच होतं, असं तो मागून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला. पाठोपाठ सरडा आला. सकाळपासून चुन्याच्या दगडांतून फिरून तो पांढरा पडला होता, तो आता तांबडा झाला.

“नियम ठाऊक होता ना, बाई?” तो म्हणाला. “उठा आता.”

“उठते,” टिटवी म्हणाली. इतक्या दिवसांनी शब्द तिच्या तोंडात नवे वाटत होते. “पण त्यांना चालता येऊ दे.”

“कोणाला?”

टिटवी उत्तर देण्याआधीच खळग्यातून आवाज आला. सुई टोचावी इतका बारीक. एकदा आला, थांबला, आणि दुसऱ्या अंड्यातून त्याला उत्तर मिळालं.

खारीनं शेपटी स्वतःच्याच पोटाला पुसली आणि मडकं दूर सरकवलं. सरड्याला कोणता रंग घ्यावा ते कळेना. तो अर्धा तांबडा, अर्धा मातकट असा उभा राहिला. पारवा वाकला. मान तिरकी करून त्यानं कान जवळ नेला.

“आत कोण आहे?” त्यानं विचारलं. तक्रारीचा सूर त्याच्या आवाजातून निघून गेला होता.

“राहणारं आहे कोणीतरी,” टिटवी म्हणाली.

शेवटी सरड्यानं घसा साफ केला. हुकूम दगडांना चुना लावायचा आहे, हे दगड नव्हेत, तेव्हा इथे हुकूम लागू नाही, असं त्यानं सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. ओरडण्याबद्दल म्हणाल, तर त्या वेळी आपण टेकडीपलीकडे होतो आणि आपल्याला काहीच ऐकू आलं नाही. कोणी त्याला खोडून काढलं नाही. पारव्यानंही नाही.

मंडळी पांगली तेव्हा टिटवा पाणी घेऊन आला. पोटाच्या पिसांतून थेंब गळत होते. ओरडणं त्यानं हौदापाशीच ऐकलं होतं.

“व्रत मोडलं गं तुझं,” तो हळहळून म्हणाला.

“मोडलं कुठे? पारणं केलं,” ती म्हणाली. “दोन दिवस आधी, इतकंच. बसा तुम्ही आता, अंडी तापलीत.”

पारवा आपल्या जागेवर परतला. बायकोनं पुन्हा फराळ मांडला होता. तो बसला नाही. कोपऱ्यावरच्या दगडापाशी गेला, वाकला आणि त्यानं दगडाला कान लावला. चुना अजून ओला होता. त्याचा गाल पांढरा झाला, पण तो तसाच राहिला. पलीकडच्या जागेवरचा ससा त्याच्याकडे पाहत होता. मग तोही उठून आपल्या दगडाकडे गेला.

“काय ऐकताय?” पारव्याच्या बायकोनं विचारलं.

पारव्यानं पंख किंचित उचलून तिला गप्प केलं, आणि तू पलीकडच्या दगडाला कान लावून बघ, अशी खूण केली.