परात नसलेला मठ

"...म्हणजे वर कुणी आहे की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात सांगा बुवा."

धुंडीबुवा पीठ मळत होते. त्यांनी पिठावर पाण्याचा हबका मारला.

"कुठे वर? माळ्यावर?"

"आकाशात!"

"आकाशात पुष्कळ आहेत की. घारी आहेत. परवा एक विमान गेलं."

विचारणारे होते प्राध्यापक उन्मेष गुंजकर. तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन लोकांच्या डोक्यातली भुतं उतरवतात. जळता कापूर जिभेवर ठेवतात, हवेतून अंगारा काढतात, आणि लगेच त्यातली हातचलाखी समजावून सांगतात. माणूस हुशार. ती हुशारी दुसऱ्याला कळल्याशिवाय मात्र त्यांना चैन पडत नसे.

मागे पायरीवर त्यांचे वडील बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. मांडीवर एक जुनी सरकारी वही. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी.

वाघदऱ्याचा हा मठ डोंगराच्या अगदी कड्यावर आहे. खाली गाव. रविवारी मठात शंभर माणूस जेवतं, पण पीठ मळतात ते काळ्या फरशीवर. मठात परात नाही. कुणी वाहिली तर बुवा हातावर नारळ ठेवून परातीसकट परत पाठवतात. भक्तांनी याचे अर्थ लावून ठेवलेत. कुणी म्हणतं वैराग्य. कुणी म्हणतं, बुवांना पितळेत नाग दिसतो. हा नाग पंगतीत बसून मीच सोडलेला आहे. आता लोक तो मलाच सांगतात, वर शपथ घालून.

"बुवा, मी सरळच बोलतो," प्राध्यापक समोर मांडी घालून बसले. "हे माझे वडील. खालच्या गावात पोस्टमास्तर होते. बेचाळीस वर्षांपूर्वी भर दुपारी यांना उडती तबकडी दिसली."

"बरं."

"बरं काय? यांनी ती वहीत लिहिली! वर पोस्टाचा शिक्का मारला! वरून ताकीद आली. गावानं नाव ठेवलं, तबकडीमास्तर. लोक तिकिटं घ्यायला यायचे ते बशी दाखवत. आई हळदीकुंकवाला जायची बंद झाली. शेवटी यांनी बदली मागून घेतली."

"आणि तुला काय म्हणायचे?"

प्राध्यापक थांबले.

"मला?"

"तुलाही काहीतरी म्हणत असतील की."

"...बशी. दहावीपर्यंत माझं नाव बशी होतं."

बुवा मळत राहिले.

"म्हणून आज निकाल पाहिजे," प्राध्यापकांचा आवाज चढला. "अण्णांनी कबूल केलंय. तबकडी या डोंगराकडून आली होती, तेव्हा मठाचा शब्द मानीन म्हणतात. तुम्ही 'काही नव्हतं' म्हणालात की ही वही त्या धुनीत टाकायची. पुन्हा विषय नाही."

"आणि आम्ही 'होतं' म्हणालो तर?"

"तर पुढच्या रविवारी माझं व्याख्यान तुमच्यावर."

बुवा खदखदून हसले. मग पायरीकडे वळले.

"मास्तर, कबूल आहे का तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं धुनीकडे पाहिलं.

"बेचाळीस वर्षं वही उशाशी घेऊन झोपलो बुवा. आता दमलो. जाळा म्हणालात तर जाळतो... पण आधी एकदा पुरती ऐका. आजवर पुरती कुणी ऐकलेली नाही. तबकडी म्हटलं की माणूस हसायला लागतो, आणि पुढचं राहून जातं."

"वाच रे," बुवा प्राध्यापकांना म्हणाले.

प्राध्यापकांनी वही घेतली, समोर धरली आणि व्याख्यानाच्या सुरात सुरू केलं. त्यांना ती पाठच होती.

"सहा एप्रिल. दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. टपालाची थैली बांधून बाहेर आलो असता वाघदऱ्याच्या डोंगराकडून एक पिवळी, चकचकीत वस्तू येताना दिसली. आकार गोल. रुंदी अंदाजे अडीच हात. उंची पोस्टासमोरील पिंपळाहून किंचित अधिक. आवाज नाही. गिरकी नाही. जेवणास पाट सरकवावा तशी सरळ सरकत आली. डाव्या कडेस पोचा."

बुवांचा हात थांबला.

"काय?"

"पोचा. चेपल्यासारखं. परग्रहावरचं वाहन, आणि त्याला पोचा! इथं लोक हमखास हसतात बुवा."

बुवा हसले नाहीत.

"पुढे."

"बाहेरील अंगास ठिपक्याठिपक्यांची अनोळखी लिपी. दिसली तशी नक्कल खाली केली आहे. वस्तू नदीपलीकडे दिसेनाशी झाली. सही. शिक्का." प्राध्यापकांनी मान वर केली. "या लिपीचं कारण मी सांगतो. माणसाचा मेंदू काय करतो, की..."

"वही जरा खाली घे."

"अं?"

"खाली घे. गुडघ्यावर. फिरवू नकोस, तुझ्याकडेच तोंड राहू दे. अशीच."

बुवा समोरून पुढे वाकले. पिठाचं बोट कागदाला न लावता, वरच्या वर एकेक ठिपक्यावरून नेऊ लागले. उजवीकडून डावीकडे. म्हणजे त्यांच्या बाजूनं डावीकडून उजवीकडे.

"कैलासवासी... राधाबाई... म्हाळसकर... यांचे... स्मरणार्थ."

...

धुनीतलं एक लाकूड मोडलं.

प्राध्यापकांनी वही फिरवली. वाचली. परत फिरवली. परत वाचली.

"हे... हे भांड्यावरचं नाव आहे!"

"परातीवरचं," बुवा म्हणाले. "म्हाळसकरांनी आईच्या नावानं मठाला दिलेली. कासाराकडून ठिपक्यांनी नाव घालून आणली होती, कडेला, बाहेरच्या अंगाला, परात पालथी घातली की सुलटं वाचता येईल असं. डाव्या बाजूचा पोचा माझा. विहिरीवर घासताना पडली होती हातातून. तो पोचा जगात दोघांनाच ठाऊक. मला आणि आमच्या थोरल्या बुवांना."

"मग ती खाली कशी..."

"दाखव मला तो शिक्का."

प्राध्यापकांनी वही पुढे केली. बुवांनी शिक्क्यावर नाक टेकेपर्यंत वाकून तारीख वाचली. दोनदा.

"सहा एप्रिल. बरोबर. त्या दुपारी मी चिंचेनं घासून परात कड्यावर उन्हात ठेवली. तांब्या आणायला आत वळलो. परत येतो तर परात जाग्यावरून उठलेली. माझ्यासमोर गेली, मास्तर! मी थोरल्या बुवांना जाऊन सांगितलं, परात उडाली."

"मग?" पायरीवरचा म्हातारा आता उभा राहिला होता.

"मग काय. म्हणाले, कुणाला विकलीस?"

"अरेरे."

"बारा वर्षं मला पंगतीत शेवटी बसवलं. जाताना गादी मलाच दिली, पण देताना म्हणाले, चोर असलास तरी भाकरी चांगली थापतोस. आणि अगदी शेवटच्या घटकेला जवळ बोलावलं. मला वाटलं मंत्र देतात. कानात विचारलं, आता तरी सांग, कुणाला विकलीस?"

बुवांनी मनगटानं डोळे पुसले. कपाळभर पीठ लागलं.

"मी मनाशी धरलं होतं, ती खाली येत नाही तोवर मठात दुसरी परात यायची नाही. पण मास्तर, खरं सांगू? पंधरा-वीस वर्षांनी मलाच वाटायला लागलं, विकलीच असेन."

"मलाही वाटायचं," मास्तर म्हणाले. "की हे म्हणतात तर उन्हानंच झालं असेल. मग वही काढून बघायचो. शिक्का बघितला की धीर यायचा."

"तुम्ही पोस्टातले. कुणाचं कसलंही गिचमीड अक्षर लावायचा. वही कधी उलटी नाही धरली?"

"सरकारी कागद उलटा धरायची पद्धत नाही बुवा."

"आणि तू रे? किती व्याख्यानं दिलीस यावर?"

"...तीनशे बारा."

"पडद्यावर दाखवायचास?"

"हातभर मोठी करून."

"सुलटीच?"

प्राध्यापकांनी वहीत डोकं घातलं. पण तो हुशार माणूस. हुशार माणूस फार वेळ गप्प राहत नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"पण म्हणजे तबकडी नव्हतीच! अण्णा, ऐकलंत ना? परात होती. साधी पितळेची परात, या पृथ्वीवरची, कासाराकडची. वावटळीनं उचलली असणार. एप्रिलात वावटळी उठतातच. झालं, उलगडलं!"

बुवांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "मागचं पान वाच."

"मागच्या पानावर काय आहे?"

"हवामान. मी रोज लिहायचो."

प्राध्यापकांनी पान उलटलं. वाचता वाचता त्यांचा व्याख्यानाचा सूर कुठल्या कुठे गेला.

"सहा एप्रिल. ऊन कडक. वारा... वारा अजिबात नाही. पिंपळाचे पान हलत नाही. दोरीवरील धोतर स्थिर."

...

"बुवा," ते हळूच म्हणाले, "मग उचलली कुणी?"

बुवा उत्तर न देता उठले. गुडघे वाजले. आतून भोंग्याचा माइक आणला. मठाचा भोंगा कीर्तनापुरता असतो, पण तोंड गावाकडे आहे. त्याच्या जाळीवर दोनदा फुंकर मारली.

"मास्तर, इकडे या. वाचा."

"मी?"

"तुमचीच वही आहे. पुरती वाचा. आज सगळं गाव घरी आहे, सांगून ठेवतो."

मास्तर कड्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. बेचाळीस वर्षांनी ते गावाकडे तोंड करून उभे होते. पहिलं वाक्य फुटेना. मग फुटलं. "सहा एप्रिल. दुपारी तीन वाजून दहा मिनिटे..." तो थरथरता आवाज डोंगरावरून घरंगळत खाली गेला, कौलांवर, पिंपळावर, पोस्टावर.

खाली दारं उघडली. माणसं अंगणात आली. कपाळावर हात धरून वर बघू लागली. "डाव्या कडेस पोचा" ऐकून खालून हसण्याचा एक मोठा लोट आला, जुन्या सवयीचा.

बुवांनी माइक ओढून घेतला.

"हसू नका रे! पोचा मी पाडलाय!"

हसू कापल्यासारखं थांबलं.

"मठाची परात होती ती! राधाबाई म्हाळसकरांच्या नावाची! उडाली होती! मी विकली नाही, आणि मास्तरांना भास झाला नाही! दोघांचाही साक्षीदार आज सापडला, आणि त्याच्यावर सरकारी शिक्का आहे!"

तेवढ्यात प्राध्यापक उठले. माइक त्यांनी मागितला नाही, बुवांच्या हातातल्या माइकलाच तोंड लावलं.

"मी गुंजकरमास्तरांचा मुलगा बोलतोय. मी... बशी. शाळेतल्या मित्रांनो, ऐकताय का? माझ्या वडिलांनी बरोबर लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर. चुकलो मी. तीनशे बारा वेळा."

पिंपळाखालून एका म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा सोडून हवेत फडकावला. मग दुसऱ्यानं टोपी. मग बायकांनी पदर. कुणीतरी खालून ओरडलं, "मास्तर, खाली या! चहा टाकलाय!" आणि एकदम सगळं गाव ओरडायला लागलं, मास्तर, खाली या, मास्तर. मी पाहिलं, त्या गोंगाटानं घारीसुद्धा कड्यावरून उठल्या. घारींचं तेवढं थोडं वाढवलं असेल. बाकीचं तसंच.

मास्तर वही छातीशी धरून, पोस्टात गिऱ्हाईक आल्यावर बसत तसे ताठ उभे राहिले.

मग खाली जायला निघाले. प्राध्यापकांनी त्यांचा हात धरला, दोन पायऱ्या उतरले, आणि परत वर आले. बुवा पुन्हा फरशीवर पिठाला बसले होते.

"बुवा... नवी परात मी आणून देतो. चालेल का आता?"

"चालेल."

"नाव कुणाचं घालू?"

"कुणाचंही घाल."

"कडेलाच ना, पहिल्यासारखं?"

बुवांनी कड्यापलीकडे, नदीच्या अंगाला, रिकाम्या निळ्या आभाळात क्षणभर पाहिलं...

"कडेला नको. बुडाला घाल, आणि चांगलं मोठं. खालच्या माणसाला वाचता आलं पाहिजे."