बिनफळाची वेल

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात दामूशेठ नावाचे सोनार राहत होते. सोन्याचा मणी हाती आला की ते तो कसोटीच्या दगडावर घासून बघत. धंदाच तसा, त्यात वावगं काही नव्हतं. पण हळूहळू ती सवय माणसांनाही लागू झाली. दूधवाला जरा हसला, की दामूशेठ आत जाऊन दूध निरखून बघत. पाहुणा लवकर निघाला तर हा का पळतोय, आणि राहिला तर हा का मुक्काम ठोकून बसलाय, असं त्यांच्या मनात येई. एकदा स्वतःच्याच तराजूची खात्री करून घ्यायला त्यांनी दुसरा तराजू आणला. मग दोन्हींवरचा विश्वास उडाला, म्हणून तिसरा आणला.

त्यांची बायको मनकर्णाबाई. तिला झाडांचा नाद होता, पण शोभेच्या झाडांचा नव्हे. डोंगरावर, बांधावर, ओढ्याकाठी आपसूक वाढणारं जे काही दिसेल, ते ती परसात आणून लावी. अडुळसा होता, शेवगा होता, कुंपण निर्गुडीचं होतं. आणि कुंपणालगतच्या मांडवावर कर्टोलीची वेल होती. थंडीत ती वेल दिसेनाशी होई, नुसता कंद जमिनीत राही. पाऊस आला की ती पुन्हा वर चढे आणि श्रावणात हिरव्या काटेरी फळांनी मांडव भरून टाकी. दामूशेठ भाजी चवीने खात, पण परसात पाऊल टाकत नसत. चिखल कशाला तुडवायचा, असं त्यांचं म्हणणं.

कुंपणापलीकडे सुभद्राकाकू कासारीण राहायच्या. एकट्याच होत्या, आसपासच्या गावांत बांगड्या भरून पोट भरायच्या. त्यांच्या अंगणातही एक कर्टोलीची वेल होती, अगदी कुंपणाला लागून. तिला पिवळी फुलं भरपूर यायची, पण फळ म्हणून एक कधी धरलं नव्हतं. तरी काकू दरवर्षी तिला आळं करत, शेणखत घालत. दामूशेठ माडीच्या खिडकीतून हे बघत आणि विचारात पडत. फळ न देणाऱ्या वेलीला शहाणं माणूस खत घालील का? यात नक्की काहीतरी आहे.

एका वर्षी मनकर्णाबाईला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भात नको, पेज नको, दूध समोर आणलं तरी ती मान फिरवी. हाडांचा सापळा उरला. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि दामूशेठना बाहेर नेऊन सांगितलं, "आता औषधाचं काम संपलं. अन्न पोटात गेलं तर बाई उठतील. नाही गेलं, तर माझ्या हातात काही नाही."

दामूशेठ बायकोच्या उशाशी बसले. बोलण्यात कितीही तिरके असले, तरी त्यांचा सगळा जीव तिच्यात होता. "अगं, काय खावंसं वाटतं ते सांग. सोन्याच्या ताटात आणून देतो."

ती म्हणाली, "कर्टोली खावीशी वाटतात."

बाजारात डोंगरपलीकडच्या बायका कर्टोली आणत होत्या. पण दामूशेठना ती घ्यायचा धीर झाला नाही. कुठल्या वेलीची, कोणाच्या हातची, काय भरवसा? त्यापेक्षा घरच्या मांडवावर कळ्या लागल्याच आहेत. आठपंधरा दिवसांत फळं येतील, असा त्यांनी हिशोब केला. दुकान बंद ठेवून ते खिडकीत राखणीला बसले.

दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीच्या सुमाराला, त्यांना भलतंच काहीतरी दिसलं. सुभद्राकाकू आपल्या अंगणात आल्या. त्यांनी स्वतःच्या वेलीचं एक फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या, आणि निर्गुडीवरून हात लांब करून ते दामूशेठच्या वेलीच्या एका फुलाला टेकवलं. मग दुसऱ्या फुलाला, मग तिसऱ्या. ओठ हलत होते. हातातल्या बांगड्या हळू किणकिणत होत्या. काम झाल्यावर त्यांनी खिडकीकडे न बघता पदर सावरला आणि त्या घरात गेल्या.

दामूशेठच्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. बिनफळाची वेल. एकटी बाई. तिन्हीसांजेला पुटपुटणं. आणि इकडे बायको अंथरुणाला खिळलेली. ही बाई आपल्या घरावर करणी करतेय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. खरं म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाबद्दल तरी शंका उरली नव्हती, आणि नेमकी तिथेच ती असायला हवी होती.

सकाळी त्यांनी बुरुडाला बोलावलं आणि कुंपणाला पुरुषभर उंचीचे बांबूचे तट्टे ठोकून घेतले. काकू पलीकडून म्हणाल्या, "दामूशेठ, हे काय करता? वेलीला माझा हात पोचायला हवा."

"तोच पोचायला नको," दामूशेठ म्हणाले.

"अहो, मनकर्णाला तरी विचारा."

"तिला विचारण्यासारखी ठेवली आहे का तुम्ही?" असं बोलून ते आत गेले. काकूंना काही कळेना.

एवढ्यानेही दामूशेठचं समाधान झालं नाही. तट्ट्याच्या फटीतून पलीकडची पिवळी फुलं दिसायची आणि त्यांना वाटायचं, ती आपल्याकडेच बघताहेत. एका दुपारी काकू बांगड्यांची पेटी घेऊन शेजारच्या गावाला गेल्या. दामूशेठनी पत्रा कापायची कातर उचलली, काकूंच्या अंगणात शिरले आणि वेल बुडाशी कापली. घरी येऊन हातपाय धुतले. मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी काकूंनी तट्ट्यामागून विचारलं, "माझी वेल कोणी कापली?"

"गुरांनी खाल्ली असेल," दामूशेठ म्हणाले.

"गुरं कातरीने खात नाहीत, दामूशेठ."

दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

आता आपल्या वेलीवरचं संकट टळलं, फळं भराभर धरतील, अशी दामूशेठची खात्री होती. रोज संध्याकाळी फुलं उमलत. प्रत्येक फुलाखाली इवलंसं काटेरी बोंड असे. दामूशेठ ते बघून हरखत. पण दोन दिवसांत ते बोंड पिवळं पडे आणि गळून जाई. एक गळालं, चार गळाली, मांडवाखाली सडा पडला. तिकडे नदीला पूर आला, आठवड्याचा बाजार भरेना, डोंगरपलीकडच्या बायकांचं येणं थांबलं. मनकर्णाबाई रोज विचारी, "धरलं का हो एखादं?" रोज तिचा आवाज आदल्या दिवसापेक्षा बारीक असे.

शेवटी दामूशेठच्याने राहवलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं. करणी कशी बघितली, तट्टे कसे ठोकले, वेल कशी कापली. "पण बाईने आधीच काय केलं होतं कोण जाणे. मूळ तोडलं, तरी फळ गळतंच आहे," ते म्हणाले.

मनकर्णाबाईने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. बोलायलाही तिला दम लागत होता.

"अहो, कर्टोलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. फळ धरतं मादीला, पण नराचं फूल तिच्या फुलाला लागलं तरच. रानात ते काम किडे करतात. गावात तेवढे येत नाहीत, म्हणून हाताने करावं लागतं. आम्ही दोघींनी मिळून डोंगरावरून दोन कंद आणले होते. फळाचा तिने मला दिला आणि बिनफळाचा स्वतः ठेवून घेतला. मी आजारी, म्हणून माझंही काम तीच करत होती."

"मग पुटपुटत का होती?"

"माझ्यासाठी देवाचं नाव घेत असेल. आणखी काय करणार ती?"

दामूशेठ उठले. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण बायकोच्या जिवाचा प्रश्न होता. ते काकूंच्या दारात गेले आणि हात जोडले. "काकू, वेल मीच कापली. घाणेरडा संशय घेतला. मला काय हवं ते बोला, पण मनकर्णाला वाचवा."

काकू म्हणाल्या, "शिवेवरच्या देवळामागे निवडुंगात एक नर वेल आहे. फळाच्या वेली लोकांनी केव्हाच कंदासकट उपटून नेल्या. हिला फळ नाही, म्हणून ही राहिली. फूल कसं लावायचं ते सांगते. हात मात्र तुमचाच लागेल."

"तुम्हीच या ना काकू. तट्टे आत्ता काढतो."

"नको. मी हात लावला आणि फळ गळालं, तर पुन्हा माझ्यावरच येईल."

दामूशेठ रोज संध्याकाळी चिखल तुडवत शिवेवर जाऊ लागले. नाजूक कामाला त्यांची बोटं सरावलेली होती. काही फुलं फुकट गेली, काही धरली. मूठभर कर्टोली झाली तेव्हा त्यांनी स्वतः चुलीशी बसून भाजी केली. मीठ जास्त पडलं. तरी मनकर्णाबाईने दोन घास खाल्ले, दुसऱ्या दिवशी चार खाल्ले, आणि हळूहळू ती भिंतीला धरून चालू लागली.

तट्टे तर केव्हाच निघाले होते. पुढच्या पावसाळ्यात काकूंच्या अंगणात कापलेल्या वेलीच्या कंदातून पुन्हा कोंब आला. मनकर्णाबाईच्या गुडघ्यांत अजून जोर नव्हता, म्हणून संध्याकाळी दामूशेठच फूल मागायला काकूंच्या दाराशी जात. काकू नाही म्हणत नसत. मनकर्णाची चौकशी करत. पण फूल त्यांच्या हातात देत नसत. ते उंबऱ्यावर ठेवत, दोन पावलं मागे सरत आणि म्हणत, "नीट पारखून घ्या, दामूशेठ. मागाहून काही निघायला नको."

दामूशेठ न पारखता फूल उचलत आणि मान खाली घालून घरी येत.

तात्पर्य: आपल्याला कळलं नाही म्हणून कोणाच्या वागण्यात खोट आहे असं मानू नये, आधी विचारावं. संशयाने तोडलेली वेल पुन्हा फुटते, पण ज्याच्यावर संशय घेतला त्याचा मोकळेपणा पुन्हा मिळत नाही.