तीन हात मरळ

तीन हात लांब मरळ धरून आणायची! तीही रांजणडोहातून, नुसत्या हातांनी! जाळं नाही, गळ नाही, आणि मुदत शुक्रवारपर्यंत! नाही आणली, तर सटवाजी भोयाच्या घरातल्या कुणी पुन्हा त्या डोहात पाय ठेवायचा नाही. हुकूम हिवरगडच्या राजे हैबतरावांचा, आणि हैबतराव म्हणजे हट्टाचा डोंगर!

झालं होतं असं. दर सोमवारी जेवणं उरकली की राजवाड्याच्या ओसरीवर मासे धरल्याच्या गप्पा रंगत. कारभाऱ्यांनी कोपरभर पाण्यात वाम धरलेली असे, फौजदारांनी कपारीत हात घालून एकाच वेळी दोन कटले काढलेले असत. पण राजेसाहेब खाकरले की सगळ्यांचे मासे पटापट आखूड होत. मग राजे सांगत, "लहानपणी रांजणडोहात मी मरळ धरली. तीन हात लांब! माझ्या स्वतःच्या हातानं मोजली होती!" गेली चाळीस वर्षं मरळ तीच आणि 'वा वा'ही तीच.

त्या सोमवारी मुदपाकखान्यात मासळी द्यायला आलेला सटवाजी ओसरीपाशी टेकला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सरकार, सारा जन्म त्या डोहात गेला, पर दोन हातांच्या वर मरळ म्या न्हाई बघितली."

कारभाऱ्यांच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला. राजे लाल झाले.

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो? डोहात तीन हातांची मरळ आहे! घेऊन ये, नाहीतर डोह विसर!"

सटवाजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची मुलगी गोजरा चूल फुंकत होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाबा, राजा ती कुणाच्या हातानं मोजली म्हणाला?"

"सवताच्या. आता त्यानं काय फरक पडतोय?"

"बघू की," म्हणत गोजरा उठली. बापाला मात्र काही सांगेना. बया पोटात गोष्ट ठेवण्यात पटाईत!

शुक्रवारी सकाळी ती डोहात उतरली. मोठ्या धोंड्याखाली मरळीचं बीळ होतं. बिळाचं एक तोंड तिनं गुडघ्यानं दाबून बंद केलं आणि दुसऱ्या तोंडातून हात हळूच आत सरकवला. मरळीची शेपटी धरली की ती निसटलीच समजा. पोटाखालून हात न्यायचा, जरा गोंजारायचं, आणि कल्ल्यापाशी गच्च आवळायचं! पाणी ढवळून निघालं, गोजराचा पदर फाटला, नाकातोंडात चिखल गेला, पण मरळ वर आली.

दुपारी घंगाळात वळवळती मरळ घेऊन बापलेक वाड्यावर हजर झाली. कारभाऱ्यांनी बाह्या सरसावल्या. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, पुन्हा कोपर टेकवून दुसरा हात, आणि मासा संपला!

"दोनच हात!" कारभारी आनंदानं ओरडले. "एक हात कमी!"

"कारभारीसाहेब, तुमचा हात कशाला मधी?" गोजरा म्हणाली. "मरळ महाराजांनी धरलेली, मोजलेली बी महाराजांनीच. त्यांच्याच हातानं मोजा."

राजांनी मोठ्या हौसेनं हात टेकवला. दोन हात! "झालं समाधान?" राजे मिशीवर ताव देत म्हणाले.

"एक इचारू का, सरकार? तवा तुमचं वय काय होतं?"

"सात वर्षांचे होतो आम्ही! आहे का कुणाची ताकद?"

"मग सरकार, त्या दिवशी हा एवढा हात तुम्ही आणला कुठनं?"

राजांनी आपल्या हाताकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात चिकाच्या पडद्याआडून खुदकन हसू आलं. राजांच्या आईसाहेब होत्या!

गोजरा पडद्याकडे वळून म्हणाली, "आईसाहेब, सरकारांचा त्या वक्ताचा एखादा अंगरखा हाय का?"

"एखादा कशाला? त्याच दिवसाचा आहे! वाढत्या अंगाचा म्हणून बाह्या बोटांच्या टोकापर्यंत शिवल्या होत्या. खडकाला घासून कोपरावर फाडून आला, तिथं मीच ठिगळ लावलंय."

अंगरखा आला. गोजरानं बाही मरळीवर अंथरली. ठिगळापासून काठापर्यंत एक हात. दोन हात. तीन हात! काठ बरोबर शेपटीच्या टोकाला!

"घ्या सरकार, तीन हात मरळ! तुमच्याच हातानं! तुमचं बी खरं, माझ्या बाबाचं बी खरं. आता ही तीन हात न्हाई म्हणाल, तर तुमची बी न्हवती!"

राजे डोळे बारीक करून म्हणाले, "फार शहाणी आहेस! आणि आम्ही सहा हात म्हणालो असतो, तर गं?"

"तर सरकार, अंगरखा राहू दिला असता अन् तुमच्या बारशाचं झबलं मागितलं असतं!"

पडद्याआड आईसाहेबांना ठसका लागला. राजे असे गदगदा हसले की पगडी घंगाळात पडली आणि मरळीनं तिच्यावर शेपटी आपटली! हसता हसताच त्यांनी रांजणडोह सटवाजीच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या लावून दिला, गोजराला भरजरी लुगडं दिलं, आणि दर सोमवारी ओसरीवर येऊन बसायचा मान दिला. तेव्हापासून कारभाऱ्यांची वाम वितीच्या वर काही गेली नाही.