म्हाळसेचे तिसरे उत्तर

एका राज्यात प्रजेला राजालाही प्रश्न विचारता येत असे, आणि त्या राज्याला याचाच मोठा अभिमान होता. वर्षातून एकदा परगण्यापरगण्याचे सभासद राजधानीत जमत. ते कराविषयी आणि प्रजेविषयी तीन प्रश्न टाकत आणि राजाचा उत्तरकार भरसभेत उभा राहून उत्तरे देई. पुरे उत्तर मिळेपर्यंत सभा प्रश्न बदलत नसे.

एकदा सभेने अग्निमुख मांत्रिकाला त्याच्या करमाफ बागांबद्दल विचारले. त्याला उत्तर देता येईना. लोक हसले. तो कडाडला, "उत्तरांची एवढी हौस ना? मग या सभेत जो अपुरे उत्तर देईल तो पाषाण होईल. एकाच बैठकीत तिन्ही उत्तरे पुरी मिळतील, तेव्हाच हा शाप सुटेल!" आणि तो धुळीचा लोट होऊन निघून गेला.

तरी सभा बंद पडली नाही. उत्तरकार उभे राहत गेले आणि दरबारात पुतळ्यांची रांग वाढत गेली. शेवटचा पुतळा कान्हेरदेवाचा. त्याचे उत्तर थोडेच अपुरे होते, म्हणून दगड त्याच्या गळ्यापर्यंत चढून थांबला होता. पण पुढच्या सभेचा सूर्य मावळला की तोही पुरता दगड होणार होता. त्याची लेक म्हाळसा रोज येऊन त्याला पेज भरवी.

एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, यंदा मी उभी राहते."

"नको गं पोरी. एका घरातले दोन दगड कोण पुसत बसणार?"

"एक तरी परत घरी नेईन. सांगा, तुम्ही कुठे चुकलात?"

"पहिल्या उत्तरासाठी नागाला भिऊ नकोस. दुसऱ्यात मी एक नाव गाळलं." कोणाचे नाव, ते मात्र त्याने सांगितले नाही. त्याने डोळे मिटून घेतले.

पहिला प्रश्न होता, मिठाच्या करापोटी धान्य किती जमले? म्हाळसा तळघरात गेली. तिथे कोठारावर पाच फड्यांचा नाग बसला होता. तिने सारे धान्य मोजले आणि म्हणाली, "नागराज, जरा सरका. तुमच्या वेटोळ्याखालचं राहिलंय."

"तुझ्या बापाशिवाय मला कोणी सरका म्हटलं नाही," नाग म्हणाला आणि निमूटपणे बाजूला झाला. खाली शंभर खंडी धान्य निघाले.

दुसरा प्रश्न होता, कर कोणाकोणाला माफ आहे? ती नावे बोलक्या ताम्रपटावर होती. ताम्रपट फार सावकाश बोले. म्हाळसा सारा दिवस त्याच्यासमोर बसून राहिली. शेवटी ताम्रपट म्हणाला, "आणि उत्तरकार कान्हेरदेव याचे घर." म्हाळसेचे कान तापले. बापाने डोळे का मिटले ते तिला कळले.

तिसरा प्रश्न होता, राज्यात माणसे किती? हा आजवर कोणी गाठलाच नव्हता. राज्याची गणती साळुंक्या करीत. त्या वरून उडत, छपरांवरचे धूर मोजत, आणि दर धुराला पाच माणसे धरली जात. धूरपट्टी, म्हणजे चुलीच्या धुरावरचा करही, राज्य त्याच हिशेबाने घेई.

खात्री करावी म्हणून म्हाळसा डोंगरात गेली. तिथे पवळा नावाची बाई दारात भिजवलेले नाचणीचे पीठ खात होती.

"चूल का नाही पेटवली, बाई?"

"वा! धूर काढू आणि पट्टी भरू? आमच्या आळीत बारा घरं, चूल एक. तीही पावणे आले तरच!"

"मग तुमची गणती?"

"आम्ही कुठे आहोत? वरून दिसतच नाही."

म्हाळसा माघारी फिरली. तिने साळुंक्यांना बोलावले. "बायांनो, यंदा खाली उतरायचं. उंबऱ्यावर बसून नावं विचारायची."

"मांजरं असतात!" साळुंक्या ओरडल्या.

"मांजराचंही नाव विचारा."

कुरकुरत का होईना, त्या उतरल्या.

सभेचा दिवस उजाडला. डोंगर परगण्याचे सभासद मळोजी देसाई पुढच्याच आसनावर होते. "या, उत्तरकारबाई. पुतळ्यांच्या रांगेत जागा ठेवलीय."

म्हाळसेने धान्याचा आकडा सांगितला, नागाखालच्या शंभर खंडींसकट. तिचे पाय मऊच राहिले. मग तिने करमाफीची नावे वाचली. शेवटच्या नावाआधी ती थांबली. तिने बापाकडे पाहिले. कान्हेरदेवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण त्याने मान्य म्हणून पापणी लववली. "आणि आमचे घर," ती म्हणाली.

"तिसरे," मळोजी म्हणाले.

"राज्यात एकसष्ट हजार तीनशे आठ माणसे आहेत."

तत्क्षणी तिची पावले थंड पडली. दगड घोट्यापर्यंत आला. ती घाबरली, पण विचार करू लागली. आता या घटकेलाही कुठे कोणी जन्मत असेल, कोणी जात असेल. ती मोठ्याने म्हणाली, "आज सूर्योदयाच्या वेळी!" दगड थांबला. पण उतरला नाही.

मळोजी उठले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "गेल्या वर्षापर्यंत पंचेचाळीस हजार होते. मग आमची डोंगरातली माणसे कुठे होती?"

"हे उत्तर माझ्यापाशी नाही, देसाई. ज्यांनी पट्टी बसवली त्यांच्यापाशी आहे."

सारी सभा राजाकडे वळली. आजवर एकही राजा उत्तराला उभा राहिला नव्हता. प्रधानाने राजा भानुवर्म्याचा शेला धरला. "महाराज, बसा. दगड व्हाल."

राजाने शेला सोडवून घेतला आणि तो म्हाळसेशेजारी येऊन उभा राहिला. "माणसे घरांतच होती. धूर मोजणे सोपे होते, म्हणून मी धुरावर कर बसवला. त्यांनी चुली विझवल्या, आणि मी समजलो की घरे रिकामी आहेत. चूक माझी. धूरपट्टी आजपासून बंद."

तिसरे उत्तर पुरे झाले, आणि दरबारात कडकड असा आवाज झाला. म्हाळसेच्या पायांवरचा आणि पुतळ्यांवरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला. जुने उत्तरकार शिंकत, डोळे चोळत उठले. कान्हेरदेव दोन पावले चालला आणि लेकीच्या खांद्याला धरून उभा राहिला. मग सभेकडे वळून म्हणाला, "माझ्या घराचा कर लिहून घ्या. मागल्या सगळ्या वर्षांचा."

सारी सभा उठून उभी राहिली. मळोजींनी पागोटे उतरवून म्हाळसेला मुजरा केला. मग ते पुन्हा डोक्यावर नीट बसवले आणि घसा खाकरला.

"महाराज, आता नवे तीन प्रश्न."

"विचारा," राजा म्हणाला. म्हाळसेने मान ताठ केली आणि लेखणी उचलली. त्या राज्यात पुढे कोणी दगड झाले नाही, आणि प्रश्नही कधी संपले नाहीत.