मांडणीतला फोन

एकदा एका आईची झोप उडाली. ती आई मीच. भरपूर शिकलेली, आणि तरीही घरातल्या फोनपुढे हात टेकलेली.

आमचं घर दरीत, मोबाइलला रेंज नाही. जुईचे बाबा जहाजावर. रविवारी त्यांचा फोन येई तो घरातल्या कॉर्डलेसवरच. साडेचार वर्षांची जुई हँडसेट घेऊन मागच्या पडवीत जायची, आणि तिसऱ्या वाक्याला खरखर होऊन फोन तुटायचा. गेल्या रविवारी तिने हँडसेटला हातच लावला नाही. म्हणाली, "बाबा माझं ऐकता ऐकता फोन ठेवतात." त्यानंतर चार दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बॅटरी बदलली, बटणं पुसली. अखेर शेजारच्या तात्यांना शरण गेले. टेलिफोन खात्यात हयात घालवलेले वृद्ध गृहस्थ. ते घरी आले, पण त्यांनी हँडसेट हातातही घेतला नाही.

"सूनबाई, याची पेटी कुठाय? हा ज्यावर ठेवता ती?"

"स्वयंपाकघरात, मांडणीवर. स्टीलच्या डब्यांमागे. जुई बटणं दाबते ना!"

त्यांनी आत जाऊन डबे बाजूला सारले. "आणि हे पेटीवर काय?"

"क्रोशाचं झाकण. धूळ बसते."

"स्वेटर नाही घातलात, उपकार!"

त्यांनी पेटी माजघरातल्या उघड्या फळीवर आणून ठेवली, एरियल सरळ केली. मग शेजारी एक खुर्ची ओढली. "बसा."

"मी? बिघाड फोनमध्ये आहे, तात्या."

"होता. आता रविवारी फोन आला की इथून उठायचं नाही."

मला काही उमगेना. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "डब्यांच्या भिंतीतून लहर कशी जाणार? पेटी सांभाळलीत, पण कोंडून. पोरीचंही तेच. ती बोलत असताना मागून 'जेवलीस ते सांग, कविता म्हण' असं कोण कुजबुजतं? आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. पेटी कधी हँडसेटमागे धावते का? ती मोकळ्यावर, एका जागी असते, म्हणून तर तो लांब जाऊ शकतो."

रविवारी फोन वाजला. जुई जागची हलेना. "घे, आज नाही तुटणार," मी म्हटलं. आवाजात खात्री मात्र आणता आली नाही. ती हँडसेट घेऊन पडवीत गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मध्येच ती खळखळून हसली. कशाला हसली असेल? अर्धी उठले, पुन्हा बसले.

बऱ्याच वेळाने ती आली आणि तिने टाचा उंचावून हँडसेट पेटीवर ठेवला. कविता म्हटलीस का, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तो गिळला.

तीच म्हणाली, "आई, बाबा फोन ठेवतच नव्हते! शेवटी मीच ठेवला. मला शू आलीये."